तीन वर्षं निरंक

नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'निरंक'. बाहेरच्या माणसाला तो एखाद्या कडक उपासाचं नाव वाटतो. सरकारी कागदावर त्याचा अर्थ एवढाच, की या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही. रकाना कोरा सोडला तर वरून विचारणा येते, माहिती का भरली नाही म्हणून. 'निरंक' लिहिलं की येत नाही. माहिती तीच, पण भरलेली.

पुण्यातल्या एका पोलीस कार्यालयाच्या अर्ज शाखेत मी एकोणीस वर्षं काढली. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं काही अडत नाही. माझ्या अंगावर खाकी कधीच नव्हती, मी वरिष्ठ लिपिक. लोकांच्या चोरांविरुद्धच्या तक्रारी पोलीस घ्यायचे आणि लोकांच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी मी घ्यायचे. दोन्हीकडे गेलेलं परत मिळण्याचं प्रमाण साधारण सारखंच.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला खात्यातले गमतीदार किस्से लिहायला सांगितलेत. किस्से आहेत, गमतीदारही आहेत. त्यातला एक मात्र मी घरातसुद्धा कधी पूर्ण सांगितलेला नाही. अर्धा सांगते, लोक हसतात, मी थांबते. यंदा थांबायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आधी काम समजावून सांगते. पोलिसांविरुद्ध अर्ज आला की त्याची जागा दोन ढिगांपैकी एकात. शिपाई उद्धट बोलला, हवालदारानं ताटकळत ठेवलं, अशा किरकोळ तक्रारींची चौकशी आम्हीच करायची. पण कोठडीत कुणाचा जीव गेला, कुणाला गंभीर दुखापत झाली, अधिकाराचा भलताच वापर झाला, तर तो अर्ज घरात ठेवायचा नाही. तो बाहेर, पोलिसांच्या हाताखाली नसलेल्या एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे पाठवायचा. तिथे निवृत्त न्यायाधीश बसतात. तत्त्व साधं आहे: ज्याच्यावर आळ आहे त्याच्या भावानं न्याय करू नये. घोळ एवढाच होता, की तक्रार गंभीर की किरकोळ हे आधी भावानंच ठरवायचं. म्हणजे पेपर तपासणार परीक्षक, पण कुठले पेपर परीक्षकाकडे जातील ते विद्यार्थी ठरवणार.

दर तीन महिन्यांनी मी प्राधिकरणाला अहवाल पाठवायचे. 'पाठविलेल्या गंभीर तक्रारींची संख्या', आणि पुढे माझ्या वळणदार अक्षरात, निरंक.

याचं श्रेय माझंच होतं. मला ऐकता येतं. ही बढाई नाही. काही बायकांची पुरणपोळी कधी फाटत नाही, तसं आहे हे. समोरचा बोलू लागला की मी हातातलं पेन खाली ठेवते, मध्ये तोंड घालत नाही, बरोब्बर जागी "अगं बाई!" म्हणते. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून आल्याचा चहा यायचा. पुण्यात कुणी कुणाचं शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, त्यामुळे माणसं साठलेली असतात. तासाभरात रिकामी होतात. उठताना म्हणतात, "जाऊ द्या हो मॅडम, तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं." ती वेळ साधायची. तयार कागद पुढे सरकवायचा: 'अर्जदाराचे समाधान झाले असून त्यांची आता कोणतीही तक्रार नाही.' खाली सही. शाखेत याला 'समाधान घेणं' म्हणत.

आमचे साहेब, जगदाळे, पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "या शेलार मॅडम. यांच्या टेबलापुढे तक्रार जातच नाही." मी लाजायचे. किती वर्षं लाजले!

गिऱ्हाइकं एकेक असायची. कात्रजच्या एका बाईंची तक्रार होती, की गस्तीच्या गाडीतले शिपाई रोज सकाळी त्यांची जास्वंदीची फुलं तोडतात. मी म्हटलं, देवाला वाहत असतील. त्या म्हणाल्या, "देवाला कसली? मेले गाडीच्या आरशाला खोचतात." वाघोलीकडचे एक जमीनवाले पाटील पांढऱ्या कपड्यांत आले. "आमच्याच रानात तुमची चौकी हाय, आन् तुमचा शिपाई आमालाच नाव इचारतो?" त्यांना तीन कप लागले. कोथरूडच्या एका निवृत्त अभियंत्यानं तक्ता जोडला होता: फलकावर 'चोवीस तास सेवा' लिहिलेली चौकी दुपारी एक ते चार बंद असते. बंद ठेवायला त्यांची हरकत नव्हती. "बंद ठेवा की. मीही त्या वेळात झोपतो. पण फलकावर तसं लिहा," एवढंच म्हणणं.

सगळ्यांचं समाधान झालं.

मग एका सोमवारी प्राधिकरणाचं पत्र आलं. 'आपल्या कार्यालयाकडून सलग तीन वर्षे निरंक अहवाल प्राप्त होत आहे. याबाबत खुलासा करावा.'

साहेबांना पित्ताचा त्रास, त्यामुळे ड्रॉवरमध्ये कायम आवळासुपारीची डबी. पत्र दोनदा वाचून त्यांनी डबी उघडली.

"खुलासा कसला? काही नाही, याचा खुलासा कसा करतात?"

"सर, त्यांना संशय आलाय. तीन वर्षांत एकही गंभीर तक्रार नाही म्हणजे..."

"म्हणजे आपलं काम चांगलं आहे!"

"तसं लिहू?"

साहेबांनी सुपारी बराच वेळ चघळली. "नको. एखादी देऊन टाका."

"एखादी काय?"

"गंभीर तक्रार हो. पण बघून द्या. कुणाला लागणार नाही अशी."

बोकडाचा नवस बोलून माणसं ऐन वेळी कोहळा कापतात, तशातला प्रकार. मी कोहळ्याच्या शोधाला लागले.

गुरुवारी सकाळी बाहेरच्या बाकावर दोनच अर्जदार होते.

एक ओक सर. सदाशिव पेठेतले, भूमितीचे निवृत्त शिक्षक, पंचाहत्तरीचे, खिशाला दोन पेनं. त्यांचा अर्ज बारा पानी, मुद्देसूद. चौकात हवालदार तुपे यांनी त्यांची स्कूटर अडवून किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "ए आजोबा, गाडी बाजूला घ्या." मुद्दा क्रमांक चार हा 'ए' बद्दल होता. मुद्दा सात: 'मी कोणाचाही आजोबा नाही. मी अविवाहित आहे.' मुद्दा अकरा: 'किल्ली काढताना सदर हवालदाराचा माझ्या उजव्या अंगठ्यास स्पर्श झाला.' सोबत कंपासनं काढलेली चौकाची आकृती. बिंदू अ म्हणजे सर, बिंदू ब म्हणजे तुपे.

दुसरे दशरथ कोंडे. वाघोलीच्या पुढच्या गावात त्यांच्या म्हशी, शहरात दुधाचा रतीब. त्यांचा अर्ज अर्धं पान, आणि त्याला टाचलेला दवाखान्याचा दाखला.

दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. 'ए' आणि 'अहो' यांत नेमका काय फरक आहे, हे ओक सर कोंड्यांना अर्धा तास समजावत होते. कोंडे शांतपणे मान डोलावत होते.

"तुम्ही फार चांगले श्रोते आहात," सर म्हणाले. "आमच्या सोसायटीत असा एक माणूस नाही."

कोंड्यांनी मान डोलावली.

"मी म्हटलं, तुम्ही चांगले श्रोते आहात!"

कोंडे वळले. "या बाजूनं बोला मास्तर. डावा कान फुटलाय माजा. कवापासनं बोलताय तुमी?"

ओक सरांनी आपले कागद गोळा केले. मग उठले, वळसा घालून कोंड्यांच्या उजवीकडे येऊन बसले आणि म्हणाले, "मुद्दा एकपासून घेतो."

मी कोंड्यांना आधी आत बोलावलं. निदान त्यांची सुटका करावी म्हणून.

चहा आला. मी पेन खाली ठेवलं. कोंडे बोलू लागले. दुधाची गाडी चौकीसमोर लावून ते किटल्या उतरवत होते. नवा उपनिरीक्षक बाहेर आला, गाडी काढ म्हणाला. "दोन मिंटं साहेब, येवढ्या दोन किटल्या," असं म्हणायला आणि कानाखाली बसायला एकच गाठ पडली. "किटली कलंडली, दूध रस्त्यावं. मला वाटलं किटली पडल्याचाच आवाज हाय त्यो. मागनं कळलं, आवाज कानातनंच आलता." तेव्हापासून डाव्या कानात माशी फिरल्यासारखी वाटे. "म्हस हंबरली तर कुटनं हंबरली त्ये उमजंना. गोठ्यात मी भलत्याच दाव्याला जाऊन हुबा ऱ्हातो. म्हशी बी बघत्यात, ह्येला काय झालं म्हून."

"अगं बाई!" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. तेच तर वाईट.

दाखल्यावर लिहिलं होतं: कानाचा पडदा फाटला आहे, ऐकू येणं कायमचं कमी झालं आहे. हा अर्ज कुठल्या ढिगात जातो हे कळायला एकोणीस वर्षं लागत नाहीत, पहिल्या दिवशीचा उमेदवारही सांगेल. हा बाहेर जायलाच हवा होता. आणि योगायोग असा, की बाहेर पाठवायला आम्ही एक शोधतच होतो.

साहेब आत येऊन माझ्या खांद्यावरून अर्जातलं उपनिरीक्षकाचं नाव वाचून गेले. जाता जाता हळूच म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो. पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं. किरकोळमध्ये बघा."

कोंडे समाधानाच्या कागदावर सही करून बाहेर गेले. आजवर मी एवढंच सांगत आले.

नंतर ओक सर आत आले. हातात आणखी दोन पानं. बाकावर बसल्या बसल्या लिहिलेली.

"ही पुरवणी. परिशिष्ट ड."

"कशाबद्दल, सर?"

"तुमच्या बाकाबद्दल. तो डावीकडे कलतो."

मी पानं त्यांच्या अर्जामागे लावून दोरा ओवला आणि मनात म्हटलं, मिळाला कोहळा. ओक सरांचा अर्ज शेवटपर्यंत वाचला, असं छातीवर हात ठेवून सांगणारं आमच्या शाखेत कुणी नव्हतं. मी मुद्दा अकरापर्यंत पोचले होते, हाच विक्रम.

साहेब खूश झाले. "अंगठा! म्हणजे अंगाला हात लावलाय. पण 'स्पर्श' नको, फार नाजूक वाटतं. 'बळाचा वापर' म्हणा." मी तसं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी रकान्यात 'एक' लिहिलं. "बघा," साहेब म्हणाले, "एक म्हटलं की किती विश्वास बसतो."

विश्वास न बसलेला एकच माणूस, हवालदार तुपे. सुनावणीची नोटीस घेऊन ते धापा टाकत माझ्याकडे आले.

"मॅडम, आजोबांना आजोबा म्हणालो मी!"

"ते अविवाहित आहेत, तुपे."

"हे त्यांच्या हेल्मेटवर लिहिलेलं असतं का? आणि हेल्मेट नव्हतंच, म्हणून तर अडवलं!" मग आवाज उतरला. "बायकोनं विचारलं, गंभीर म्हणजे काय केलंत? मी सांगितलं, अंगठा. ती दोन दिवस माहेरी जाऊन आली."

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. साहेब, तुपे, ओक सर आणि नोंदवही घेऊन मी. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत तुपे ओक सरांच्या पिशवीला हात देऊ पाहत होते आणि सर प्रत्येक जिन्यावर म्हणत होते, "नको. पुन्हा स्पर्श होईल."

अध्यक्ष बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. समोर आमचाच दोरा ओवलेला अर्ज.

"ओक साहेब, तुम्हाला नक्की काय हवं आहे?"

"मला 'अहो' हवं आहे."

अध्यक्षांनी तुप्यांकडे पाहिलं. तुपे ताडकन उभे राहिले. "अहो आजोबा, चुकलं."

"आजोबा नाही!"

"अहो... अहो सर."

"ठीक," ओक सर म्हणाले आणि बसले. माणूस किती थोडक्यात सुखी होतो! तुप्यांनी मात्र धसकाच घेतला. पुढे मंडईत ते पाकीटमाराच्या मागे "अहो थांबा, अहो पाकीट टाका" असं ओरडत धावल्याचं मी भरवशाच्या माणसाकडून ऐकलं आहे.

इथपर्यंत सांगून मी थांबते. लोक हसतात. आता पुढचं.

साहेब उठायच्या बेतात होते. अध्यक्ष म्हणाले, "बसा. मी अर्ज पूर्ण वाचलाय. परिशिष्टासकट."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याच्या गाठीकडे पाहिलं.

अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं: 'परिशिष्ट ड. प्रतीक्षेसाठी ठेवलेला बाक डावीकडे कलतो. भिंतीवरील दिनदर्शिका दोन महिने मागे आहे. माझ्याबरोबर बसलेले श्री. दशरथ कोंडे यांच्या डाव्या कानाचा पडदा पोलीस उपनिरीक्षकाच्या थपडेने फाटला असून दाखला मी स्वतः पाहिला आहे. आतून आल्यावर ते समाधानाने म्हणाले, "माझा अर्ज वर जाणार." त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. मला केवळ एक नको तो शब्द ऐकू आला. दोन्ही अर्ज एकदमच वर आल्यास कृपया माझा आधी घेऊ नये.'

अध्यक्षांनी परिशिष्ट खाली ठेवलं.

"हा दुसरा अर्ज आमच्याकडे आलेला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"सर, त्यांचं समाधान झालं," साहेब म्हणाले. "तसं लिहून दिलंय त्यांनी."

"समाधान झालेला माणूस बाहेर येऊन 'अर्ज वर जाणार' म्हणतो?" मग माझ्याकडे वळून, "बाई, सही तुम्ही घेतलीत. कागद त्यांना वाचून दाखवला होता?"

"हो, सर."

मागून ओक सरांचा वर्गात शोभावा असा आवाज आला. "कुठल्या कानात?"

हा प्रश्न मला आजही ऐकू येतो. भांडी घासताना, बसमध्ये, कुणाचंही काहीही ऐकताना.

"उजव्या," मी म्हटलं.

आता मी मघाशी काय गाळलं ते लिहिते. त्या दिवशी कोंड्यांनी कागद हातात घेतला, पण चष्मा घरी राहिला होता. "ह्येच्यात काय लिवलंय ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत तेच." त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. "आन् ह्ये वर जाणार न्हवं?" मी म्हटलं, "हो." बास. तेवढा एक शब्द. तासभर मी त्यांचं ऐकलं होतं, त्यामुळे त्यांनी माझ्या एका शब्दावर सही केली. मला कुणी पैसे दिले नव्हते, धमकावलं नव्हतं. साहेब "बघा" म्हणाले होते, "करा" नाही. मला माझा लौकिक सांभाळायचा होता. कोहळा मिळणार असताना बोकड कशाला, एवढाच विचार. त्या वेळी मला तो हुशारीचा वाटला होता, हेही लिहून ठेवते.

अध्यक्षांनी पुढच्या तारखेला कोंड्यांना बोलावलं. ते धुतलेली टोपी घालून आले. मी भिंतीला टेकून उभी होते. कोंडे खरं बोलले की माझी नोकरी संपली, हे मला आणि साहेबांना पाठ होतं. त्या उपनिरीक्षकाचंही काही खरं नव्हतं. आणि कोंड्यांच्या कानाचं काय व्हायचं, तेही त्याच एका उत्तरावर होतं.

"या कागदावर काय आहे ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं का?" अध्यक्षांनी आवाज चढवून विचारलं.

कोंड्यांनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"व्हय साहेब. ताईंनी वाचून दावलं. उजव्या कानात."

"आणि तुमचं समाधान झालं होतं?"

"ताईंनी लई ऐकलं साहेब."

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत, तिसऱ्यांदाही विचारलं. कोंडे तेच म्हणाले. शेवटी अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. अर्जदारच समाधानी असेल तर स्वतंत्र प्राधिकरण तरी किती स्वतंत्र होणार?

बाहेर जिन्यात ओक सर कोंड्यांना गाठून उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; ते आपण होऊन आले होते.

"अहो, असं का म्हणालात?"

"बाईमाणूस हाय मास्तर. नोकरी जाईल तिची."

"आणि तुमचा कान?"

"कान तर गेलाच हाय की."

मी दोन पायऱ्या वर उभी होते. खाली उतरायचं धैर्य झालं नाही. मी मागे फिरून लिफ्ट येण्याची वाट पाहत राहिले. लिफ्ट बंद होती, हे माझ्या पंधरा मिनिटांनी लक्षात आलं.

"वाचलो, शेलार मॅडम," साहेब गाडीत म्हणाले आणि मला आवळासुपारी दिली. मी खाल्लीसुद्धा.

त्यानंतर मी चार वर्षं नोकरी केली. अर्जदारांचा चहा बंद केला. शाखेत कुजबुज झाली, की मॅडम हल्ली कोरड्या वागतात. खरंच होतं. अर्ज घ्यायचा, पोच द्यायची, ढीग ठरवायचा, गंभीर असेल तर त्याच दिवशी बाहेर. जगदाळे साहेब निवृत्त झाले, नवे साहेब म्हणाले, "तुमच्याकडून फार तक्रारी जातात हो." मला बरं वाटलं. पण त्या चार वर्षांत पाठवलेल्या अर्जांपैकी एकही कोंड्यांचा नव्हता. शेवटी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभात सगळ्यांनी माझ्या ऐकण्याच्या कलेचं कौतुक केलं.

या वर्षी हा लेख लिहायला घेतला आणि इथपर्यंत येऊन दोन महिने अडकले. मग कागद घेऊन विश्रांतवाडीच्या माझ्या घरून दोन बस बदलून कोंड्यांच्या गावी गेले. गाव आता शोधावं लागतं. चारी बाजूंनी इमारती, मध्ये त्यांचा गोठा. दोनच म्हशी उरल्यात. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि वरचं सगळं वाचून दाखवलं. या वेळी खरोखर.

कोंडे मध्ये बोलले नाहीत. ऐकायला ते माझ्याहून चांगले.

"मला ठावं हुतं ताई," शेवटी म्हणाले. "त्या साहेबाफुडं कागद वाचला, तवाच कळलं. चष्मा हुता त्या दिशी."

"मग मला का वाचवलंत?"

त्यांनी विचार केला. "च्या पाजला हुता तुमी." मग हसले. "लई ग्वाड हुता, पर हुता." आणि मी उठताना म्हणाले, "मी बी साहेबाफुडं खोटं बोललो. त्ये बी लिवा. आन् ह्ये खरंच वर जाऊ द्या आता."

मी घरी येऊन अर्ज लिहिला. प्राधिकरणाच्या नावे, विषय: माझ्याच गैरवर्तनाबाबत, आणि कोंड्यांच्या न गेलेल्या अर्जाबाबत. उपनिरीक्षकाचं नाव या लेखात नाही, अर्जात आहे. मुदत केव्हाच उलटून गेली, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मुदती मोजण्यातच माझा जन्म गेला.

मसुदा ओक सरांना दाखवायला नेला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी लाल पेनानं तपासून परत दिला. समासात शेरा होता: 'भावना फार, तारखा कमी. पश्चात्ताप परिशिष्टात टाकावा.' मी टाकला.

गेल्या आठवड्यात तो अर्ज घेऊन आम्ही गेलो. कोंडे आणि मी. लिफ्ट अजून बंदच आहे. चौथ्या मजल्यावर आवक टेबलाशी एक तरुण मुलगी होती, गोड चेहऱ्याची. तिनं अर्जाचं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. अगदी मनापासून. "मॅडम, काका, बसा ना तुम्ही. किती जिने चढून आलात. मी चहा सांगते, मग मला सगळं नीट सांगा काय झालं ते."

कोंडे बसायला वाकले होते. मी त्यांचा दंड धरला.

"चहा नको, बाळ," मी म्हटलं. "पोच दे."